तांदळात लिहिलेलं नाव

वडिलांचं वर्ष सरल्यानंतरचा पहिला पितृपक्ष. मी पाटावर बसलो होतो, बोटात दर्भाचं पवित्रक, समोर पत्रावळीवर भाताचे पिंड. गुरुजी एकेक नाव विचारत होते. वडील, आजोबा, पणजोबा. पणजोबांपाशी जरा अडखळलो, पण नाव आठवलं. मग बायकांची पाळी आली. आजीचं नाव सांगितलं. "आता प्रपितामही," गुरुजी म्हणाले. म्हणजे पणजोबांची बायको, माझी पणजी. मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतून आत्याचा आवाज आला, "आम्ही सगळे त्यांना मोठ्या आईच म्हणायचो रे." घरात अकरा माणसं होती आणि जिने त्या घरात हयात काढली तिचं नाव एकालाही सांगता येईना.

त्या दिवशी सुरू झालेला शोध अजून चालू आहे. या शोधाने मला जे दाखवलं ते इतकं अद्भुत आहे की ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी साधा हिशेब. प्रत्येकाला दोन आईबाप, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा. गुरुजींनी विचारलेली पणजी ही माझ्या चार पणज्यांपैकी फक्त एक. चारही नावं सांगू शकतील असे तुमच्या ओळखीत किती जण आहेत, आठवून पाहा. दर पिढीला आकडा दुप्पट होतो. दहा पिढ्या मागे गेलं की १,०२४ पूर्वज, वीस पिढ्या मागे दहा लाखांवर आणि तीस पिढ्या मागे एकशे सात कोटींवर. पिढीला पंचवीस-तीस वर्षं धरली तर तीस पिढ्या म्हणजे यादवांच्या काळाच्या आसपास. त्या वेळी सगळ्या पृथ्वीवर मिळूनही एवढी माणसं नव्हती! मग हे एकशे सात कोटी राहत होते कुठे? याचं उत्तर असं की ती वेगवेगळी माणसं नाहीतच. तीच माणसं वंशवृक्षात पुन्हा पुन्हा येतात, वेगवेगळ्या फांद्यांवर बसून. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल अनेक समाजांत आहे; अशा लग्नातल्या मुलाला पणजी-पणजोबा आठ नसतात, सहाच असतात. वंशवृक्ष म्हणून आपण जे झाड काढतो ते खरं तर जाळं आहे. थोडं मागे गेलं की माझं जाळं तुमच्या जाळ्यात गुंतलेलं असतं.

असं असूनही आपण शोधतो ती एकच रेघ, बापाच्या बापाची. याचं कारण आपल्या नावातच आहे. मराठी माणसाचं नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. एका नावात दोन पिढ्या बांधलेल्या. आजोबांचं पूर्ण नाव मिळालं की पणजोबा आपोआप हाती लागतात आणि पणजोबांचं मिळालं की खापरपणजोबा. जुन्या कागदात मधे 'बिन' असतं, 'रामजी बिन कृष्णाजी', म्हणजे कृष्णाजीचा मुलगा रामजी. ही मोठी सोय आहे. पण तिच्यात एक खोच आहे. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत. त्यामुळे रामजीचा कृष्णाजी, कृष्णाजीचा रामजी, पुन्हा कृष्णाजी, असं दीडशे वर्षं चालतं आणि कोणत्या कृष्णाजीने विहीर बांधली ते कळेनासं होतं. पेशव्यांच्या घरातच पाहा. बाळाजी विश्वनाथ आजोबा, बाळाजी बाजीराव नातू. थोरले बाजीराव आजोबा, दुसरे बाजीराव नातू. बापाचं नाव जोडलेलं नसतं तर इतिहासाचा विद्यार्थीही गोंधळला असता. म्हणून या शोधातला माझा पहिला नियम असा आहे की नुसतं नाव जुळलं तर काहीच जुळलं नाही. नाव, बापाचं नाव, गाव आणि काळ, हे चारही जुळले पाहिजेत.

बाईच्या नावाला मात्र ही दोरी नाही. लग्नात ताटलीतले तांदूळ पसरून नवरदेव अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात, मग तांदूळ पुन्हा सारखे होतात. त्या क्षणी वडिलांचं नाव जातं, आडनाव जातं आणि कितीतरी घरांत स्वतःचं नावही जातं. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुना, कुर्लेकरांच्या. झाशीची राणी लक्ष्मीबाई माहेरची मनकर्णिका तांबे. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक याही मनकर्णिकाच, गोखल्यांच्या. दोन यमुना आणि दोन मनकर्णिका! यांची पहिली नावं आपल्याला ठाऊक आहेत कारण यांच्यावर पुस्तकं लिहिली गेली. बाकी लाखो यमुना तांदळातच राहिल्या.

तर पणजीचं नाव शोधायचं कुठे? मी पहिल्यांदा गेलो त्र्यंबकेश्वरला.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या ही काय चीज आहे ते प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही. ओसरीवर बसलं की उपाध्ये तुमचं नाव विचारत नाहीत. आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग जात. कोणत्या गावचे, कोणत्या घराण्याचे यजमान कोणत्या उपाध्यांकडे, याची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असते. आमचे उपाध्ये दोन घरं सोडून निघाले. त्यांनी आतून लांबट, कापडात बांधलेली वही आणली, मांडीवर घेतली आणि गावाच्या नावाने पानं उलटायला लागले. पाच-सात मिनिटांत बोट थांबलं. शाई तपकिरी झालेली, अक्षर मोडी. आणि तो मजकूर उपाध्यांनी लिहिलेला नव्हता. वहीत लेख द्यायचा तो यजमानाने, स्वतःच्या हाताने. माझ्या खापरपणजोबांनी बोरूने लिहिलेली ओळ मी बोटाने स्पर्श करून पाहिली. त्यांचा फोटो नाही, वस्तू नाही, वाडा कधीच पडला. पण 'र'ला दिलेला तो झोकदार फाटा त्यांच्या हाताचा. पुढे मुलांची नावं, भावांची नावं. सोबत कोण कोण आलं होतं तेही. खाली मी माझा लेख दिला, माझ्या मुलीचं नाव घातलं. उद्या ती शोधत आली तर तिला ती ओळ सापडेल.

नाशिकच्या पंचवटीत, पंढरपूरला, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार इथेही अशा वह्या आहेत. अमेरिकेतल्या युटामधल्या वंशावळ-संस्थेला हरिद्वारच्या वह्यांचं मोल कळलं आणि तिने गेल्या शतकातच त्यांचे सूक्ष्मपट करून घ्यायला सुरुवात केली. आपल्याला त्या अजून नुसत्या दक्षिणेच्या व्यवहारातल्या वाटतात, याचं मला वाईट वाटतं. तीर्थाला गेलात की अर्धा तास काढा आणि आपलं पान बघा.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागात आणि पलीकडे कर्नाटकात तीर्थाला जायचीही गरज नसायची. तिकडे हेळवी दारी येतात. बैल घेऊन, सुगी झाली की. अंगणात उभं राहून त्या घराचं कूळ, मूळ गाव, कोणाला किती मुलगे, कोण कुठे गेला, हे तोंडपाठ म्हणायचं, जवळच्या चोपडीत नव्या पोराचं नाव चढवायचं आणि धान्य घेऊन पुढच्या घरी. शेतकऱ्यांच्या, बलुतेदारांच्या कितीतरी घराण्यांची आठवण या लोकांनी आपल्या जिभेवर सांभाळली आहे. हेळव्याचा मुलगा आता दुसऱ्या कामाला लागला तर त्याला दोष देता येत नाही; पण म्हाताऱ्या हेळव्याचं म्हणणं फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवणं तर आपल्या हातात आहे.

त्र्यंबकच्या वहीत पणजोबा सापडले, पणजी नाही. शिवाय मला मोडी वाचता येत नव्हती. उपाध्ये वाचत होते आणि मी ऐकत होतो. तिथून आल्यावर मी मोडी शिकायला घेतली.

मोडीबद्दल लोकांच्या मनात धास्ती असते. ती थोडी खरी, बरीच खोटी. कागदावर आधी आडवी रेघ सबंध मारून घ्यायची आणि मग हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची, असं हे लेखन. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. पहिले पंधरा दिवस काही कळत नाही. मग एक दिवस 'मौजे' हा शब्द दिसतो, त्याच्या पुढे गावाचं नाव असणार हे कळतं आणि कुलूप उघडतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही लिपी शाळेत शिकवली जायची. आपल्या आजोबांना जी सही करताना येत होती ती आपल्याला येत नाही, एवढंच अंतर आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. तिकडे तंजावरच्या मराठी राजांचीही मोडी दफ्तरं आहेत. त्याच तंजावरात बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा सबंध इतिहास मराठीत कोरून घेतला. राजांची वंशावळ दगडावर चढते. आपली शोधायची तर कागद चाळावे लागतात.

मोडी आली की पुढचा घाट कालगणनेचा. जुन्या पत्रात तारीख अशी येते: 'सन इहिदे सितैन मया व अलफ'. वाचणारा इथेच हात टेकतो. पण हे अरबी आकडे आहेत, उलट्या क्रमाने: इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६१. याला सुहूर सन म्हणतात. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६०. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू व्हायचं, शेतकऱ्याचं वर्ष ते. म्हणून जानेवारीपासूनच्या महिन्यांना ६०० मिळवायचे, म्हणजे १७६१. पौष महिन्यातला कागद असेल तर तो ऐन पानिपताच्या दिवसांतला! तेच शके १६८२, संवत्सर विक्रम. फसली सनाला ५९० मिळवायचे, शकाला ७८, पौषाच्या सुमाराला ७९. एवढे आकडे पाठ असले की घरातला कोणताही जुना कागद काळाच्या जागेवर बसतो. पत्रातली संवत्सरांची नावं मात्र साठ वर्षांनी फिरून येतात. 'विक्रम संवत्सरी जन्म' एवढ्यावर विसंबून आजोबा आणि नातू एक करून टाकलेली वंशावळ मी स्वतः पाहिली आहे.

आता मुद्द्याचा कागद. आपल्या घराण्याचा खरा इतिहास पोथीत नाही, तलाठ्याच्या दप्तरात आहे असं माझं ठाम मत झालं आहे. इंग्रजांनी १८३५-३६ च्या सुमाराला इंदापूर तालुक्यातून जमिनीची मोजणी आणि आकारणी सुरू केली. पुढे हक्कनोंदणी आली आणि शेताचा मालक मेला की वारसांची नोंद करणं भाग झालं. हीच फेरफाराची नोंद. सातबारा सगळ्यांना माहीत असतो, पण सातबारा म्हणजे आजचं चित्र. त्यावर कोपऱ्यात गोल करून लिहिलेले जे आकडे असतात ते फेरफारांचे क्रमांक. त्या आकड्यांना धरून मागे मागे जायचं. प्रत्येक आकडा म्हणजे एक मृत्यू, एक वाटणी, एक खरेदी नाहीतर एक कर्ज. तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज करायचा. आता बऱ्याच जिल्ह्यांचे जुने अभिलेख शासनाने स्कॅन करून संगणकावरही ठेवले आहेत.

माझ्या हातात आलेली नक्कल तिसाच्या दशकातली होती. कागदाला मधोमध घडी, घडीवरची अक्षरं उडालेली. पहिल्या रकान्यात क्रमांक, दुसऱ्यात मजकूर, तिसऱ्यात सर्व्हे नंबर, शेवटी तपासणाऱ्याची सही. मजकूर दोनच ओळींचा. खातेदार मयत, वारस मुलगे तीन, अज्ञान. आणि पुढे तीन अक्षरं: अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. त्यापुढे 'आई', आणि आईचं नाव. पणजोबा तरुणपणी गेले, पोरं लहान होती, म्हणून सरकारला पणजीचं नाव लिहावं लागलं. ते जगले असते, मुलं मोठी झाल्यावर गेले असते, तर त्या कागदावर ती आलीच नसती. मी रेकॉर्ड रूमच्या बाकावर किती वेळ बसून राहिलो ते मला आठवत नाही. संध्याकाळी आत्याला फोन करून नाव सांगितलं. ती एकदम म्हणाली, "अगो बाई, हो! दाजीकाका रागावले की त्याच नावाने हाक मारायचे." नाव घरातच होतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर मी दप्तरात बायकाच शोधायला लागलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. बाई कागदावर येते ती ठराविक वेळांनाच. नवरा मेला की 'विधवा' म्हणून. मुलं लहान असली की अ. पा. क. म्हणून. अन्नवस्त्राचा हक्क ठेवला असेल तर 'इतर हक्क' या रकान्यात. आणि सर्वांत जास्त, हक्क सोडताना. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींना बापाच्या मिळकतीत वाटा दिला, पुढे १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलाच्या बरोबरीचा दिला. तेव्हापासून बहिणींची हक्कसोडपत्रं होऊ लागली. त्या कागदात बहिणीचं सासरचं पूर्ण नाव असतं, वय असतं, सासरचं गाव असतं, कधीकधी माहेरचं नावही असतं आणि खाली अंगठा. आमच्या तीन आत्या-आज्यांची लग्नं कुठल्या गावी झाली होती ते मला त्यांच्या हक्कसोडपत्रांवरून कळलं. ज्या कागदाने जमीन गेली त्याच कागदात त्यांची नावं राहिली. वंशावळ शोधणाऱ्याने हा कागद आधी मागावा आणि वाचताना त्या अंगठ्याकडे जरा थांबून पाहावं.

याच दप्तरात एक सापळाही आहे. 'ए. कु. मॅ.' असं लिहिलेलं दिसलं तर सावध व्हा. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे थोरल्याचं नाव लावलं आहे, पण मागे तीन-चार भाऊ असू शकतात. पुष्कळ वंशावळींत एकुलता एक दाखवलेला पणजोबा खरं तर पाच भावांतला थोरला असतो.

ज्यांच्या नावावर कधी जमीनच नव्हती त्यांनी काय करायचं? दप्तर सर्वांशी सारखं वागलेलं नाही, हे मान्यच करायला हवं. तिथे शाळेचं जनरल रजिस्टर उपयोगी पडतं. साताऱ्याच्या आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीत एका मुलाचं नाव दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर, नोंदणी क्रमांक १९१४. घराण्याचं आडनाव सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. ते रजिस्टर शाळेने जपून ठेवलं आहे आणि तो दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. एका घराण्याचं आडनाव कागदावर कसं बदलतं, गाव नावात कसं येतं, हे त्या एका ओळीत दिसतं. आजोबांच्या शाळेत असंच रजिस्टर कपाटात असेल. त्यात जन्मतारीख १ जून दिसली तर मात्र ती खरी धरू नका. गुरुजींनी पोर शाळेत बसवताना अंदाजाने घातलेली ती तारीख आहे. अख्ख्या पिढ्या महाराष्ट्रात १ जूनला जन्मल्या आहेत. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा १९६९ चा कायदा लागू झाला १९७० साली, आणि तो रुळायलाही वेळ गेला.

त्याआधीच्या नोंदींसाठी गावचं कोतवाल बुक. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. तोवर ही बुकं कितीतरी ठिकाणी वाळवीच्या स्वाधीन होती. त्यात मरणाचं कारण लिहिलेलं असतं: ताप, पटकी, प्लेग. १९१८ चा पावसाळा संपतानाची पानं उघडा. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. देशात एक कोटीहून अधिक माणसं गेली असं आपण वाचतो, पण एकाच घरची नावं एकाखाली एक, चार दिवसांच्या अंतराने लिहिलेली पाहिली की तो आकडा घशात अडकतो. वंशावळीत एखादी फांदी एकदम थांबलेली दिसते तिचं उत्तर पुष्कळदा या पानांवर असतं.

नावंही बोलतात. दगडू, धोंडू, केरू, भिकू अशी नावं दिसली की समजावं, याच्या आधीची भावंडं जगली नव्हती. मृत्यूची नजर पडू नये म्हणून आईबापांनी पोराला दगड म्हटलं, केर म्हटलं. त्या एका नावामागे दोन-तीन नोंद न झालेली बाळं असतात. आणि नकुशी. मुलगी नको होती, म्हणून नकुशी. हे फार जुनं नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून जास्त नकुशींना समारंभाने नवी नावं देण्यात आली. त्यांच्या नातवंडांना एक दिवस दोन्ही नावं शोधावी लागतील.

आडनावाचा भरवसा धरू नका, एवढं जरूर सांगेन. पाटील, कुलकर्णी, देशमुख, फडणीस ही वतनांची आणि हुद्द्यांची नावं. दोन पाटलांचं रक्ताचं नातं असेलच असं नाही आणि सख्ख्या भावांच्या वंशजांची आडनावं वेगळी असू शकतात. 'कर' लावलेलं आडनाव मात्र नकाशाचं काम करतं. कोकणातल्या बेने इस्राईल लोकांनी किहीमवरून केहीमकर, पेणवरून पेणकर अशी नावं घेतली आणि इस्राएलला गेल्यावरही कितीकांनी ती ठेवली. रायगड जिल्ह्यातलं गाव तिकडे दाराच्या पाटीवर जिवंत आहे. मॉरिशसला मुदतबंद मजूर म्हणून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे कितीतरी होते. त्यांची नोंद, क्रमांक, जहाज, गाव आणि पुढच्या काळात फोटोसुद्धा तिथल्या महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात आहे. मजुराची अशी नोंद त्याच्या मूळ गावातही नसते. गोव्याच्या घराण्यांनी मात्र कुलदैवतावरून गाव ठरवताना घाई करू नये. मंगेशीचा देव १५६० साली कुशस्थळीहून प्रियोळला नेला गेला. देऊळ आज जिथे आहे तिथलेच आपण, असं समजून शोधत बसलात तर वाट चुकाल.

दत्तकही लक्षात ठेवावं. बडोद्याचे सयाजीराव महाराज जन्माने नाशिककडच्या कवळाण्याचे गोपाळराव. घरोघरी असे गोपाळराव आहेत, आणि कधीकधी ते कोणी सांगत नाही. काही जण आता थुंकीच्या नमुन्यावरून डीएनए तपासून घेतात. तिथे उलटाच चमत्कार आहे. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून. कागदांनी सोडून दिलेली आईची रेघ शरीराने हजारो वर्षं अखंड ठेवली आहे. पण त्यात एकही नाव लिहिलेलं नसतं.

नाव मिळतं ते घरात, आणि विचारण्याची रीत जमली तर. "आजी, आपली वंशावळ सांग" म्हटलं की आजी गप्प होते. "तुझ्या लग्नात जेवायला कोण कोण होतं? बाळंतपणाला कुठे गेली होतीस? कुणाचं सुतक धरायचात?" असं विचारा, मग बघा. सुतक कुणाचं धरायचं आणि किती दिवस, यात सगळी भाऊबंदकी बसते. जुन्या लग्नपत्रिका, फोटोंच्या पाठीमागचा मजकूर, आणि भांडी. माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालण्याआधी एकदा चिंचेने घासून उजेडात धरा. कासाराने छिन्नीने ठिपके मारून घातलेली नावं असतात त्यांवर.

आमच्या माळ्यावरच्या घंगाळाच्या काठावर असे ठिपके निघाले. 'चि. सौ. कां.', पुढचं नाव पोच्यात गेलेलं, मग 'हिस', मग एक आडनाव जे आमच्या नात्यागोत्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि शक. शकात ७८ मिळवले तर पणजीच्या लग्नाचं वर्ष येतं. म्हणजे ते आडनाव तिच्या माहेरचं असावं. असावं, असंच मी वहीत लिहून ठेवलं आहे, पेन्सिलीने. दुसरा पुरावा मिळेपर्यंत शाईने लिहायचं नाही.

यंदाच्या पक्षात गुरुजींनी विचारलं तेव्हा मी पणजीचं नाव सांगितलं. ते तिचं सासरचं नाव. लग्नाआधी तिला काय म्हणायचे ते ज्यांना माहीत होतं त्यांतलं आता कोणी उरलेलं नाही. तुमच्या घरी कोणी उरलेलं असेल, तर या रविवारी त्यांच्याजवळ जाऊन बसा, लग्नाआधीचं नाव विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा.